बर्थ ऑफ अ नेशन, द

मूकपटांच्या काळातील एक प्रभावी व तितकाच वादग्रस्त अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ (१८७५–१९४८). टॉमस डिक्सन याच्या द क्लॅन्समन (१९०५) या कादंबरीवर व तिच्या नाट्यरूपावर तो आधारलेला आहे. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस अँजेल्स येथे तो कादंबरीच्याच नावाने प्रथम दाखविण्यात आला. ३ मार्च रोजी न्यूयॉर्क येथे तो सध्याच्या नावाने झळकला. बारा रिळांचा हा चित्रपट सुमारे तीन तास चालतो.

उत्तरेकडील स्टोनमन व दक्षिणेकडील कॅमरन या दोन कुटुंबांच्या कथेतून अमेरिकन यादवी युद्ध (१८६१–६५) आणि त्यानंतरचा पुनर्रचनेचा कालखंड (१८६५–७७) यांचे चित्रण त्यात आहे. समीपदृश्ये व समांतर संकलन ही तंत्रे ग्रिफिथने शोधून काढली, हा समज बरोबर नाही. मात्र एवढ्या विस्तृत कथापटावर त्यांचा असा परिणामकारक वापर पूर्वी क्वचितच झाला होता. उत्तरार्धात बंधमुक्त गुलाम उन्मत्त व विषयलंपट दाखविले असून कू क्लक्स क्लॅन ही दहशतवादी संघटना गोऱ्या समाजाची तारणहार ठरते. कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका गोऱ्या नटांनीच चेहऱ्यास काळा रंग फासून केल्या.

चित्रपटाचा खरा धोका त्याच्या ऐतिहासिक प्रामाण्याच्या दाव्यात होता. लिंकनच्या हत्येचे दृश्य नाट्यगृहाच्या हुबेहूब प्रतिकृतीत घडते व तशी ग्वाही शीर्षकपट्टी देते. हीच ग्वाही साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या दृश्यासही जोडलेली आहे. तेथे कृष्णवर्णीय सदस्य सभागृहात मद्य पिताना आणि मेजावर अनवाणी पाय टाकून बसलेले दिसतात. या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात तेव्हा कृष्णवर्णीयांचे बहुमत होते, हे खरे. परंतु सार्वजनिक शिक्षणाची तरतूद करणारे तेथील १८६८ चे संविधान घडविण्यात त्यांचाच मोठा वाटा होता, याचा चित्रपटात मागमूसही नाही. अन्य शीर्षकपट्ट्यांवर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याच्या इतिहासग्रंथातील उतारे आहेत. १८ फेब्रुवारी १९१५ रोजी चित्रपट व्हाइट हाउसमध्ये दाखविण्यात आला. विल्सनच्या नावे सांगितली जाणारी त्याची स्तुती मात्र विश्वसनीय नाही. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्याचे शिष्य यांनीही पुनर्रचनेचे असेच प्रतिकूल चित्र रेखाटले होते. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस याने १९३५ मध्ये त्याचे सविस्तर खंडन केले.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने चित्रपटाविरुद्ध मोहीम उघडली. बॉस्टन येथे विल्यम मन्रो ट्रॉटर याच्या पुढाकाराने निदर्शने झाली. ओहायओ व कॅनझस राज्यांनी चित्रपटावर बंदी घातली. चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असल्याने त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात फेब्रुवारी १९१५ मध्येच दिला होता. तो १९५२ पर्यंत टिकला. नोव्हेंबर १९१५ मध्ये अटलांटाजवळील स्टोन मौंटन येथे विल्यम सिमन्सने क्लॅनचे पुनरुज्जीवन केले. या नव्या क्लॅनने प्रतीक म्हणून स्वीकारलेला जळता क्रूस मूळ संघटनेत नव्हताच. तो डिक्सनच्या कादंबरीतून व या चित्रपटातून आला.

ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा विदिन अवर गेट्स (१९२०) हा मूकपट ग्रिफिथला दिलेले उत्तर मानला जातो. निरपराध कृष्णवर्णीय दांपत्याला जमावाने दिलेली फाशी त्यात दाखविली आहे. दीर्घकाळ नष्ट झाला असे समजल्या गेलेल्या या चित्रपटाची एकमेव प्रत स्पेनमध्ये सापडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९२ या एकाच वर्षी या दोन्ही चित्रपटांचा समावेश करण्यात आला.