पेनाइन वे: ब्रिटनमधल्या ४३१ किलोमीटरच्या पायवाटेचा पहिलाच दिवस इतका अवघड का?

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर एडेल नावाचं छोटंसं गाव आहे. पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन स्टेशनवर उतरलेले लोक गावातल्या 'ओल्ड नॅग्ज हेड' या पबकडे निघालेले दिसतात. सकाळी सकाळी बिअर प्यायला नव्हे. 'पेनाइन वे' ही ब्रिटनमधली प्रसिद्ध पायवाट परंपरेने इथून सुरू होते.

इथून उत्तरेकडे चालत गेलं, की २६८ मैलांवर, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटरवर, स्कॉटलंडमधल्या कर्क येथम गावात ही वाट संपते. बहुतेकांना त्यासाठी अडीच ते तीन आठवडे लागतात. पण अनेकांची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी होते.

पहिला टप्पा एडेल ते क्राउडन. अंतर साधारण २६ किलोमीटर. वाटेत एकही गाव नाही, दुकान नाही, चहाची टपरी तर नाहीच.

सुरुवात मात्र फसवी आहे. कुरणं, मेंढ्या, दगडी कुंपणं आणि मग 'जेकब्ज लॅडर' हा पायऱ्यांचा चढ. जेकब मार्शल नावाच्या १८व्या शतकातल्या एका शेतकऱ्यावरून हे नाव पडलं. चढ संपला की किंडर स्काउटचं पठार येतं. उंची ६३६ मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हसू येईल, कारण आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. पण इथे दमवतो तो चढ नाही, तर वारा, धुकं आणि पायाखालची जमीन.

ही जमीन 'पीट'ची आहे. हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. पाऊस पडला की पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत जातो. भोवतालच्या औद्योगिक शहरांच्या धुराने इथलं स्फॅग्नम शेवाळ मारून टाकलं आणि उघडा पडलेला पीट वाहून जाऊ लागला. त्यात हजारो बुटांची भर पडली. एडेलहून थेट पठारावर चढणारी मूळ वाट इतकी झिजली, की मुख्य मार्ग जेकब्ज लॅडरकडे वळवावा लागला.

पठाराच्या कडेने पुढे गेलं की 'किंडर डाउनफॉल' हा धबधबा लागतो. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर त्याचं पाणी खाली न पडता वर उडतं. नाणेघाटातला उलटा धबधबा पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

चालण्यासाठी तुरुंगवास

याच डोंगरावर १९३२ साली चालायला मनाई होती. ही जमीन डेव्हनशायरच्या ड्यूकची. ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. आसपासच्या शहरांतल्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी होती, पण रखवालदार त्यांना हुसकावून लावत.

२४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो लोक ठरवून या जमिनीत घुसले. झटापट झाली. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं.

तीन वर्षांनी पत्रकार टॉम स्टीफनसन यांनी 'डेली हेरल्ड'मधल्या लेखात पेनाइन डोंगररांगेवरून जाणाऱ्या लांब पायवाटेची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात यायला ३० वर्षं गेली. पेनाइन वेचं उद्घाटन झालं २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे त्या घुसखोरीला बरोबर ३३ वर्षं झाली त्या दिवशी. ड्यूकच्या घराण्याची माफी यायला मात्र २००२ साल उजाडलं. ती माफी त्या ड्यूकच्या नातवाने मागितली.

दुपारनंतर

मिल हिलनंतर दलदलीवर दगडी फरशांची लांबच लांब वाट अंथरलेली आहे. यातल्या बऱ्याच फरशा लँकेशायरमधल्या पाडलेल्या कापड गिरण्यांच्या आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून कापूस जात होता. त्या गिरण्यांच्या जमिनीवरून आज ट्रेकर चालतात.

फरशा संपतात तिथे 'स्नेक पास'चा डांबरी रस्ता आडवा येतो. पाय सुजले असतील, हवा बिघडली असेल, तर माघार घ्यायची ती इथेच. रस्ता ओलांडला की ब्लीकलो सुरू होतो. या ६३३ मीटरच्या डोंगराला नजरेत भरेल असं शिखरच नाही. धुक्यात सगळे ओहोळ सारखेच दिसतात. मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच.

ही भीती उगाच नाही. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकी हवाई दलाचं बी-२९ विमान याच डोंगरावर आदळलं आणि त्यातले सर्व १३ जण मरण पावले. मुख्य वाटेपासून थोडं बाजूला त्याचे अवशेष आजही विखुरलेले आहेत.

मग टॉरसाइड क्लफच्या कड्यावरून लांबलचक उतार. खाली टॉरसाइडचा जलाशय चमकू लागतो. मँचेस्टरला पाणी देण्यासाठी १९व्या शतकात बांधलेल्या जलाशयांपैकी हा एक. गुडघे बोलायला लागतात ते या उतारावर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे रमतगमत उतरता येतं. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो.

क्राउडनला तंबू ठोकायला जागा आहे. मोजे पिळायचे, बूट वाळत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीचा नकाशा उघडायचा. त्यात पहिलंच मोठं नाव आहे ब्लॅक हिल. या वाटेचं गाजलेलं मार्गदर्शक पुस्तक लिहिणारे आल्फ्रेड वेनराइट तिथल्या चिखलात असे रुतले होते, की दुसऱ्यांनी ओढून त्यांना बाहेर काढावं लागलं. आता तिथेही फरशा आहेत.