जीवनगुणवत्ता (वयोगटांनुसार)

जीवनगुणवत्ता ही व्यक्तीला स्वतःचे जगणे कितपत समाधानकारक वाटते, हे दर्शविणारी संकल्पना होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत व्यक्तीची संस्कृती व मूल्ये, तसेच तिची उद्दिष्टे, अपेक्षा व चिंता यांच्या संदर्भात तिला स्वतःच्या स्थितीविषयी होणारी जाणीव केंद्रस्थानी आहे. ‘जीवनमान’ या शब्दाने मुख्यतः उत्पन्न व भौतिक सोयी सूचित होतात; जीवनगुणवत्तेचा अर्थ त्याहून व्यापक आहे. अपेक्षा व चिंता वयानुसार पालटत असल्याने तिचा आशयही पालटतो.

मापन

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अनेक देशांतील केंद्रांच्या साहाय्याने १०० प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. त्या केंद्रांत नवी दिल्ली व मद्रास (आताचे चेन्नई) यांचा समावेश होता. तिच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त आवृत्तीत शारीरिक आरोग्य, मानसिक स्थिती, सामाजिक संबंध व परिसर ही चार क्षेत्रे येतात.

बालपण व किशोरावस्था

युरोपात विकसित झालेली ‘किडस्क्रीन’ ही प्रश्नावली ८ ते १८ वर्षे वयोगटासाठी आहे. आरोग्याबरोबरच घरातील संबंध, मित्रमंडळी, शाळा, स्वतःविषयीची प्रतिमा व इतर मुलांकडून होणारा छळ यांविषयी तीत विचारले जाते. शारीरिक तक्रारींबाबत पालक व मुले यांची उत्तरे बरीच जुळतात. भावनिक बाबींत ती कमी जुळतात. त्यामुळे शक्य तेथे मुलांनाच प्रश्न विचारणे इष्ट मानले जाते.

प्रौढावस्था

या वयात काम करण्याची क्षमता, आर्थिक स्थैर्य, झोप, दांपत्यजीवन व निवास यांना महत्त्व येते. मुले व वृद्ध आईवडील या दोहोंची जबाबदारी एकाच वेळी पडल्यास स्वतःसाठी उरणारा वेळ हाही निर्णायक घटक ठरतो. मध्यम वयात समाधान सर्वांत कमी असते व पुढे वाढते, असे काही अर्थशास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. मात्र ते सर्वमान्य नाही.

वार्धक्य

वृद्धांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २४ प्रश्नांच्या पुरवणीत सहा विभाग आहेत: ज्ञानेंद्रियांची क्षमता, स्वायत्तता, भूत-वर्तमान-भविष्यातील कार्ये, सामाजिक सहभाग, मृत्यूविषयीची भावना आणि जिव्हाळ्याचे संबंध. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धांतानुसार, उरलेला काळ मर्यादित आहे याची जाणीव झाल्यावर माणसे नव्या ओळखींपेक्षा निकटच्या व अर्थपूर्ण नात्यांना प्राधान्य देतात. भारतात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक सर्वेक्षणात ४५ वर्षे व त्यावरील व्यक्तींना आरोग्य व आर्थिक स्थितीसोबत जीवनातील समाधानाविषयीही विचारण्यात आले.

स्वतःचे व इतरांचे मूल्यमापन

गंभीर अपंगत्व असलेल्या अनेक व्यक्ती आपली जीवनगुणवत्ता चांगली असल्याचे सांगतात, जरी पाहणाऱ्यांना ते अशक्य वाटत असले, तरी. १९९९ मध्ये गॅरी अल्ब्रेक्ट व पॅट्रिक डेव्हलीगर यांनी या विसंगतीचा अभ्यास ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ या नावाने मांडला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबतही, रुग्ण स्वतः देतात त्यापेक्षा त्यांची काळजी घेणारे नातेवाईक सामान्यतः खालचे मूल्यांकन करतात. सौम्य व मध्यम अवस्थेतील अनेक रुग्ण प्रश्नांची उत्तरे स्वतः देऊ शकतात.

या तफावतीस व्यावहारिक महत्त्व आहे. उपचार चालू ठेवावेत की नाही, वृद्धाने कोठे राहावे, असे निर्णय पुष्कळदा इतरजण घेतात. त्या व्यक्तीचे मत न विचारल्यास निर्णय घेणाऱ्याच्या वयाच्या अपेक्षा तिच्यावर लादल्या जाण्याचा संभव असतो.