दुधाची फॅट, तारापूरचं इंधन आणि तपासणाऱ्याची तपासणी

आजचा भाग अणुऊर्जेच्या इतिहासातल्या एका कोपऱ्याबद्दल आहे, पण सुरुवात आमच्या कळंबपासून करतो. पुणे-नाशिक हायवेनं मंचर मागं टाकलं की कळंब येतं. मी शाळेत असताना आमच्याकडं दोन संकरित गाई होत्या आणि किटली घेऊन डेअरीवर जायचं काम माझं. एका डेअरीवर (नाव कशाला घ्या) आमच्या दुधाला सारखी ३.३ फॅट लागायची. आजीला ते काही पटेना. मशीन म्हणतंय म्हटल्यावर वाद कुणाशी घालणार?

एके दिवशी आजीनं सकाळची धार बादलीत नीट ढवळली आणि दोन किटल्यांत निम्मी निम्मी ओतली. एक किटली माझ्या हातात, दुसरी चुलत्याच्या खात्यावर. माझ्या पावतीवर ३.३ आली, चुलत्याच्या ३.८. आजीनं आरडाओरडा केला नाही. दोन्ही पावत्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि दूध एकच आहे एवढंच सांगितलं. मग मशीन धुतलं गेलं, सँपल पुन्हा लावली, दोन्ही ३.७.

मी आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यातही बराचसा वेळ टेस्टिंगमध्ये जातो. आजीनं त्या दिवशी जे केलं त्याला आमच्यात 'ब्लाइंड डुप्लिकेट' म्हणतील. आणि नेमकी हीच गोष्ट, फार मोठ्या प्रमाणावर, अशा एका प्रयोगशाळेत रोज होते जिच्या आकड्यावर देशादेशांमधली भांडणं पेटतात किंवा विझतात. देश आपलं अणुइंधन खरंच विजेसाठी वापरतोय की त्यातलं थोडं बॉम्बसाठी बाजूला काढतोय, हे तपासण्याच्या व्यवस्थेला 'सेफगार्ड्स' म्हणतात. व्हिएन्नातली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, ते काम बघते. ती १९५७ साली सुरू झाली.

आमच्या भागातून या विषयाकडं जायला एक वाट आहे. कळंबहून नारायणगावला जाऊन उजवीकडं वळलं की खोडद. तिथली जीएमआरटी दुर्बीण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्यांना बघता येते. आम्ही पोरं दरवर्षी जायचो. ती दुर्बीण टीआयएफआरची, आणि टीआयएफआर होमी भाभांची. म्हणून भाभांचं नाव आम्हाला पुस्तकाआधी तिथं भेटलं. त्यांनी अणुऊर्जेला चालना दिली हे सगळ्यांना माहीत असतं. ते सेफगार्ड्सचे कडवे टीकाकार होते, हे मला फार उशिरा कळलं.

१९५५ साली जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली मोठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला आयएईएची घटना ठरवायला देश जमले. तिथं भाभांचा मुद्दा असा होता की ही तपासणी फक्त मदत घेणाऱ्यांवर बसणार. ज्यांच्याकडं सगळं आधीच आहे, त्यांच्या दारात कुणी जाणार नाही. बोलणी ताणली गेली, तडजोडी झाल्या, पण तपासणीचं कलम राहिलं.

आणि मग तारापूर आलं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकनं दोन अणुभट्ट्या बांधल्या, आणि १९६९ साली व्यापारी वीज सुरू झाली. इंधन अमेरिकेचं, किंचित समृद्ध केलेलं युरेनियम, त्यामुळं तपासणीची अट इंधनाला चिकटून आली. १९७१ मध्ये भारत, अमेरिका आणि आयएईए असा तिहेरी करार झाला आणि व्हिएन्नाचे निरीक्षक तारापूरला येऊ लागले. त्याच काळात ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीवर असं कुणी येत नव्हतं. तिच्याबाबत फक्त शांततामय वापराचं आश्वासन दिलेलं होतं. १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियम सायरसमधलंच.

निरीक्षक येऊन करतात काय? बराचसा भाग गोदामातल्या कारकुनासारखा असतो. इंधनाचे जुडगे मोजायचे, नंबर पडताळायचे, सील लावायचं, कॅमेऱ्याची नोंद बघायची. तारापूरसारख्या वीजकेंद्रात जुडगा हा जुडगाच असतो, त्यामुळं मोजणी पुरते. अडचण होते जिथं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळं काढतात तिथं. टाकीतल्या द्रवाचे नग मोजता येत नाहीत. मग सँपल काढून प्रयोगशाळेत पाठवावं लागतं.

इथं थोडं गणित करू. आयएईएच्या हिशेबात एका बॉम्बपुरतं प्लुटोनियम म्हणजे ८ किलो. जपानच्या रोक्काशोसारखा मोठा प्रकल्प वर्षाला ८०० टन वापरलेलं इंधन हाताळण्यासाठी बांधलेला आहे. त्यात साधारण एक टक्का प्लुटोनियम धरा, म्हणजे ८ टन. आता मोजणीत फक्त एक टक्का चूक झाली तर? ८० किलो. दहा बॉम्बांचा माल, आणि तोही कुणी काही चोरलेलं नसताना. डेअरीवर ३.३ आणि ३.८ मधल्या फरकानं आमचे महिन्याला काही शेकडे जायचे. इथं जे जाईल त्याचा विचारही नको वाटतो. म्हणून तिथल्या लोकांनी मोजणीतली चूक टक्क्याच्या दशांश भागापर्यंत खाली आणायचा ध्यास घेतला.

मुख्य पद्धत ऐकायला अवघड आहे, पण खेड्यातल्या माणसाला पटकन कळेल. समजा पोत्यात किती हरभरे आहेत ते मोजायचंय आणि पोतं ओतून मोजणं शक्य नाही. तुम्ही मोजून हजार काळे हरभरे त्यात टाकता, चांगलं ढवळता आणि एक मूठ काढता. मुठीत शंभर साध्या हरभऱ्यांमागं एक काळा निघाला, तर पोत्यात साधे हरभरे साधारण एक लाख. प्लुटोनियमच्या बाबतीत काळे हरभरे म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा आयसोटोप, आणि मूठ तपासायला मास स्पेक्ट्रोमीटर.

सगळी मेख काळ्या हरभऱ्यांत आहे. ते हजारच्या जागी नऊशे नव्वद असतील, तर यंत्र कितीही महागाचं असो, उत्तर चुकणारच, आणि चुकलंय हे यंत्राला कळणार नाही. त्यामुळं हे मिश्रण ज्याला त्याला आपल्या मनानं करू देत नाहीत. युरोपीय आयोगाची बेल्जियममधल्या गील गावची प्रयोगशाळा ते अतिशय काटेकोर वजन करून, वाळवून, छोट्या बाटल्यांत पाठवते. व्हिएन्नाजवळ साइबर्सडॉर्फ इथं आयएईएची स्वतःची प्रयोगशाळा १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आहे. तिथं खऱ्या सँपलच्या आगेमागे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशी प्रमाणित सँपल यंत्रावर लावतात. ती बरोबर आली नाहीत तर मधल्या सँपलचा आकडाही धरत नाहीत. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना एकच माल, उत्तर न सांगता, पाठवला जातो आणि कुणाचा आकडा किती हुकला ते बघितलं जातं. आजीच्या दोन किटल्या!

कुठल्या पद्धतीनं किती चूक चालेल याचीही यादी आहे. १९७९ पासून युरोपातल्या संस्थांनी ती करायला घेतली, पुढं १९९३, २००० आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय आवृत्त्या निघाल्या. मला ही यादी फार आवडते. आपण अमुक इतके चुकतो, हे जगासमोर छापून ठेवायला धाडस लागतं. आमच्या क्षेत्रात प्रत्येक टेस्ट हिरवी दाखवणारे डॅशबोर्ड बघितलेत मी.

आता या सगळ्या काटेकोरपणाची पहिली मोठी कसोटी. १९९२ मध्ये उत्तर कोरियानं आयएईएला सांगितलं की आम्ही १९९० साली एकदाच, जेमतेम ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळं केलं. निरीक्षकांनी सँपल आणली. प्लुटोनियमचा २४१ हा प्रकार साधारण १४ वर्षांत निम्मा होतो आणि त्याचं अमेरिसियम बनतं. प्लुटोनियम शुद्ध करताना अमेरिसियम बाहेर जातं, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. पुढं किती अमेरिसियम साठलं त्यावरून माल कधी काढला ते कळतं. सांगितल्याप्रमाणं सगळा माल एकाच वेळचा असता तर घड्याळंही एकच वेळ दाखवती. सँपलनी तीन वेळा दाखवल्या, १९८९, १९९० आणि १९९१. फेब्रुवारी १९९३ मध्ये आयएईएनं दोन जागांची विशेष तपासणी मागितली. १२ मार्चला उत्तर कोरियानं अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

क्षणभर त्या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या जागी बसून बघा. एक देश म्हणतो एकदा, तुमचा कागद म्हणतो तीनदा. तुमच्या भांड्याला आधीच्या सँपलचं अमेरिसियम चिकटलेलं असतं तर? रिकामं सँपल, म्हणजे ब्लँक, त्याच भांड्यातून, त्याच रसायनांतून चालवून ते कोरं आलं होतं का, हा प्रश्न तिथं कागदी राहत नाही.

ब्लँकचं महत्त्व पुढं आणखी वाढलं. १९९१ नंतर इराकच्या लपवलेल्या कार्यक्रमानं सगळे हादरले आणि भिंतीवरची, यंत्रावरची धूळ पुसून आणायची पद्धत रुळली. त्यासाठी साइबर्सडॉर्फला १९९६ मध्ये स्वच्छ प्रयोगशाळा सुरू झाली. पुसायचं कापड दहा सेंटिमीटर चौरस, सुती, स्वच्छ खोलीत पाकीटबंद केलेलं. निरीक्षक हातमोजे घालतो आणि जागा पुसण्याआधी एक कापड नुसतं बाहेर काढून परत पिशवीत घालतो. ते ब्लँक. कारण शोधायचे कण मायक्रोमीटरभर असतात, एकेकाचं वजन ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागांत. कालच्या तपासणीतला एखादा कण बाहीला चिकटून आला, तर आज दुसऱ्याच देशावर आळ. एकाच जागेची अनेक कापडं घेतात, त्यांच्यावरचं ठिकाणाचं नाव काढून नुसता कोड टाकतात आणि वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना पाठवतात. तपासणाऱ्याला कापड कुठलं आहे ते माहीत नसतं.

२००३ मध्ये इराणच्या नातांझमधून आणि तेहरानच्या कलाये इलेक्ट्रिक कारखान्यातून आणलेल्या कापडांवर खूप समृद्ध युरेनियमचे कण सापडले. इराणचं म्हणणं, हे आम्ही केलेलं नाही, परदेशातून घेतलेल्या सेंट्रिफ्यूजच्या भागांवर ते आधीच होते. कुणाला ही थाप वाटली. पण आयएईएनं २००५ मध्ये पाकिस्तानकडून आलेले सेंट्रिफ्यूजचे भाग तपासले, आणि त्या वर्षी सप्टेंबरच्या अहवालात लिहिलं की बहुतांश कणांच्या बाबतीत निष्कर्ष इराणच्या म्हणण्याकडं झुकतात. बाकीचे प्रश्न शिल्लक राहिले आणि अजूनही गाजतायत. तरी जो आकडा आरोपीविरुद्ध जाऊ शकतो तोच त्याच्या बाजूनंही जाऊ शकतो, हे मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. डेअरीवर आजीला तेवढंच हवं होतं.

भारताकडं परत येऊ. पोखरणनंतर अमेरिकेनं तारापूरच्या इंधनाचे नखरे सुरू केले, १९७८ च्या कायद्यानं ते जवळपास थांबलंच, मग फ्रान्स आणि पुढं चीन, रशिया यांच्याकडून इंधन आलं. १९९३ मध्ये मूळ कराराची तीस वर्षं संपली. निरीक्षकांना दार बंद करावं असा सूर तेव्हा होता. पण १९९४ मध्ये भारतानं आयएईएशी वेगळा करार करून तारापूरची तपासणी चालू ठेवली. २००८ च्या १ ऑगस्टला आयएईएच्या मंडळानं भारतासाठीचा नवा करार मंजूर केला, अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. नागरी अणुभट्ट्या तपासणीत, लष्करी बाहेर, अशी वाटणी झाली.

भाभांची तक्रार मात्र यानं सुटत नाही. साइबर्सडॉर्फचा आकडा कितीही निर्मळ असला तरी सँपल कुणाच्या दारातून काढायचं हे प्रयोगशाळा ठरवत नाही. पाच अण्वस्त्रधारी देशांच्या बॉम्बच्या कारखान्यात कुणी कापड घेऊन जात नाही. ब्लँक, डुप्लिकेट, प्रमाणित सँपल, यातलं काहीही या असमानतेला लागू पडत नाही, आणि तिथं मी आजही भाभांच्या बाजूचा आहे. पण जिथं दार उघडलंय तिथला आकडा खरा असावा, यासाठी कोड टाकलेल्या कापडावर वाकून बसलेल्या त्या अनोळखी माणसाच्याही बाजूचा आहे.

पुढच्या भागात खोडदला जाऊ, तीस थाळ्यांच्या त्या दुर्बिणीपाशी. तोवर, येतो मंडळी.