रो-रो जहाजांचा सलग डेक

चाकांवरचा माल यारीने न उचलता सरळ जहाजात ढकलत नेण्याची पद्धत, म्हणजेच रो-रो (रोल-ऑन, रोल-ऑफ), रेल्वेने रुजवली. स्कॉटलंडमध्ये फर्थ ऑफ फोर्थ या खाडीपाशी लोहमार्ग तुटत असे. वाघिणी अलीकडे रिकाम्या करायच्या, माल बोटीत भरायचा आणि पलीकडे पुन्हा वाघिणींत चढवायचा, यात वेळ जाई आणि नासधूसही होई. १८५० मध्ये ग्रँटन ते बर्न्टआयलंड अशी ‘लेव्हायथन’ ही डेकवर रूळ असलेली बोट सुरू झाली. खरी करामत मात्र काठावर होती. भरती-ओहोटीने बोट वरखाली होई, म्हणून अभियंता थॉमस बाउच याने उतारावर सरकणारा पूल बसवला. पाणी चढेल-उतरेल तसा तो मागेपुढे करता येई. १८९० मध्ये फोर्थवर रेल्वेपूल झाला आणि या बोटींचे काम संपले.

मोटारी त्यानंतरही बहुतांशी यारीनेच चढत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवायला पुढचे तोंड उघडणारी एलएसटी जहाजे बांधली गेली. फ्रँक बस्टर्ड याच्या अटलांटिक स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने त्यांतली काही भाड्याने घेतली आणि सप्टेंबर १९४६ मध्ये ‘एम्पायर बाल्टिक’ ६४ वाहने घेऊन टिलबरीहून रॉटरडॅमला गेले. कोकणात दाभोळ-धोपावे दरम्यान २००३ पासून वाशिष्ठी नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीही तोंडाशी रॅम्प टाकूनच गाड्या घेतात.

गाड्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायच्या, तर डेक सलग हवा; इतर जहाजांत पाणी अडवणाऱ्या आडभिंती तिथे ठेवता येत नाहीत. या सोयीची किंमत फार मोठी पडली. अशा डेकवर थोडे पाणी आले, तरी कललेल्या परातीतल्यासारखे ते सारे एका काठाला धावते आणि जहाजाचा तोल जातो. ३१ जानेवारी १९५३ रोजी वादळी लाटांनी ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ या रो-रो जहाजाचा मागचा दरवाजा फोडला, सव्वाशेहून अधिक माणसे गेली. धोका तेव्हाच उघड झाला होता, तरी आराखडा बदलला नाही.

६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे रो-रो जहाज बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाले आणि काही मिनिटांत आडवे झाले. १९३ जण मरण पावले. दरवाजे बंद करणारा खलाशी झोपला होता हे खरे, पण दरवाजा उघडा आहे की बंद, हे कप्तानाला दाखवणारा साधा दिवाही जहाजावर नव्हता. कंपनीच्या कप्तानांनी तो आधीच मागितला होता; व्यवस्थापनाने ती मागणी फेटाळली होती. दुर्घटनेनंतर असे दिवे सक्तीचे झाले.

तरीही २८ सप्टेंबर १९९४ रोजी बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ या रो-रो जहाजाचे पुढचे झाकण लाटांनी तुटले आणि ८५२ माणसे मरण पावली. १९९६ च्या स्टॉकहोम कराराने अखेर डेकवरच्या पाण्याचाच हिशेब मांडला: जहाजाला इजा होऊन वाहनांच्या डेकवर अर्धा मीटरपर्यंत पाणी साचले, तरी ते तरले पाहिजे, अशी अट उत्तर-पश्चिम युरोप आणि बाल्टिकमधील प्रवासी रो-रो जहाजांना लागू झाली.