अमळनेरचं छात्रालय

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा प्रताप महाविद्यालयाच्या आवारातल्या संमेलननगरीला साने गुरुजींचं नाव होतं. याच गावात १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं होतं. तेव्हा गुरुजींना जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं चाळिशीच्या आसपास पोचली होती. महाराष्ट्राला गुरुजी पुस्तकांतून भेटले. या मुलांना ते त्याआधीच भेटले होते, हातात केरसुणी घेतलेले सानेसर म्हणून.

गुरुजी तिथे आले तोवर बोरीकाठचं अमळनेर नुसतं संत सखाराम महाराजांच्या वाडीचं गाव उरलं नव्हतं. तापीच्या खोऱ्यातून सुरतेची रेल्वे आली होती आणि प्रतापशेठांची कापड गिरणी चालू होती. त्याच प्रतापशेठांच्या आश्रयाने १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. पांडुरंग सदाशिव साने हा पालगडचा कोकणी तरुण अमळनेरला आला तो या मंदिरात वेदान्त शिकायला. पण त्याचा जीव रमला तो शेजारच्या शाळेतल्या पोरांत. १७ जून १९२४ रोजी तो प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

छात्रालय म्हणजे काय, हे आज गावोगावी शाळा झाल्यावर चटकन उमगत नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते, पण हायस्कूल असायचं ते मोठ्या गावात. खेड्यातल्या कापूसवाल्या, ज्वारीवाल्या शेतकऱ्याला मुलगा पुढे शिकवायचा तर त्याला घरापासून तोडावं लागे. वळकटी आणि ट्रंक घेऊन दहा-बारा वर्षांचं पोर परक्या गावात येई. त्याच्या तोंडी घरची अहिराणी असायची, यावल-रावेरकडचं असलं तर लेवा बोली, आणि शाळेत पुस्तकी मराठी. आजारी पडलं तर उशाशी आई नाही. या पोरांना व्याकरण शिकवणारे पुष्कळ होते. त्यांना सोबत हवी होती.

सानेसरांनी नेमकी ती दिली. खोली अस्ताव्यस्त दिसली की ते मुलांना बोलत नसत. मुलं शाळेत गेली की स्वतः केर काढायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. मुलं परत येऊन बघायची आणि ओशाळायची. काही दिवसांनी खोल्या आपोआप स्वच्छ राहू लागल्या. दुखणाईत मुलाजवळ ते रात्र रात्र बसत. गुरुजींच्या लेखनाला रडवं म्हणून नाकं मुरडणारे समीक्षक मराठीत कमी नाहीत. त्यांनी ही कंदिलाची काच लक्षात घ्यायला हवी होती. ज्या हळवेपणातून दुसऱ्याची खोली झाडली जाते, त्याला दुबळं म्हणता येत नाही.

हे गुरुजींना सुचलं कुठून? याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या शाळकरी वर्षांत आहे. दापोली, औंध, मग पुणे अशी त्यांची शाळा झाली. औंधला तर ते गरीब विद्यार्थ्यांची सोय होते म्हणून गेले होते. हाताने रांधणं आणि अर्धपोटी राहणं त्यांनी भोगलं होतं. श्याम या नावाने लिहिलेल्या त्यांच्या आत्मकथनपर पुस्तकांत राम नावाच्या शाळासोबत्याला एवढी मोठी जागा आहे ती उगाच नव्हे. परगावी शिकणाऱ्या मुलाला एक जिवाभावाचा सोबती केवढा आधार देतो, हे ज्याने अनुभवलं, त्याने शिक्षक झाल्यावर स्वतःच सोबती व्हायचं ठरवलं. मला तर त्यांच्या सगळ्या शिक्षणविचाराचं मूळ इथेच दिसतं.

दिवसाचं काम संपलं की सानेसर लिहायला बसत. 'छात्रालय' हे त्यांचं हस्तलिखित दैनिक. रोज एकच प्रत निघायची, संपादक, लेखक आणि लेखनिक तेच. कधी छात्रालयातल्या गोष्टी, कधी थोरांची चरित्रं, कधी देशात काय चाललंय ते. सकाळी मुलं त्याभोवती जमायची. १९२८ साली याच धडपडीतून 'विद्यार्थी' हे छापील मासिक निघालं. मुलांना गोळा करून जीव ओतून सांगण्याची ती सवय पुढेही सुटली नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं, त्याची रचना पाहा: आश्रमातली प्रार्थना आटोपते, सोबती जमतात आणि श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. अमळनेरचं छात्रालय ज्याला ठाऊक आहे, त्याला ती बैठक ओळखीची वाटते.

शाळेतली ही नोकरी सहा वर्षंही पुरी झाली नाही. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि एप्रिल १९३० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात अटक झाली. मग धुळे, तिरुचिरापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक असे तुरुंग. तिरुचिरापल्लीला दक्षिणेतल्या कैद्यांच्या संगतीत ते तमिळ शिकले. अहिराणी बोलणाऱ्या मुलांत जाऊन बसलेल्या कोकणी मास्तराला हे परकं वाटलं नसावं. भारतीय भाषा एकमेकींना भेटाव्यात ही आंतरभारतीची कल्पना तिथेच रुजली.

धुळ्याचा तुरुंग अमळनेरहून चाळीस किलोमीटरच्या आत. १९३२ साली विनोबा भावे तिथे होते, जमनालाल बजाजही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, अशी अठरा प्रवचनं झाली. साने गुरुजींनी ती बोलता बोलता टिपून घेतली. लघुलेखनाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पण 'छात्रालया'साठी रात्रीमागून रात्री झरझर लिहून तयार झालेला हात होता. त्याने विनोबांचं बोलणं सुटू दिलं नाही. त्या टिपणांतून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि अनेक भारतीय भाषांतून लाखो प्रतींनी घरोघर गेलं. अमळनेरला तोच हात रोज एक प्रत लिहीत असे, आणि ती वाचायला छात्रालयातली मुलं तेवढी असत.