पुस्तक, सिनेमा आणि दोन वर्तुळं

तुमच्या घरात आठवी-नववीतलं मूल असेल, तर ती दोन वर्तुळं तुम्ही पाहिली असणार. एकमेकांत थोडीशी घुसलेली. डावीकडे 'पुस्तक', उजवीकडे 'सिनेमा', आणि मधल्या फाकेत दोन्हींत सारखं काय ते लिहायचं. मूल हा कागद रविवारी रात्री साडेनऊला बाहेर काढतं आणि म्हणतं, "उद्या द्यायचाय." पुस्तक वाचायला आता वेळ नसतो, म्हणून आपण सिनेमा लावून देतो. वर्तुळं भरतात. पुस्तकात आत्या आहे, सिनेमात नाही. पुस्तकात तिचे केस असे, सिनेमात तसे. झाला गृहपाठ.

यात शिक्षकांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी २०१० नंतर जे 'कॉमन कोअर' निकष स्वीकारले, त्यात आठवीच्या वाङ्मयवाचनाखाली हे सरळ लिहिलेलं आहे: चित्रपट मूळ कथेशी किती एकनिष्ठ राहतो आणि कुठे तिच्यापासून दूर जातो, ते विद्यार्थ्याने तपासावं. पुढे दिग्दर्शकाच्या आणि नटांच्या निवडींचं मूल्यमापनही सांगितलंय, पण वर्गात लक्षात राहतो तो पहिला भाग. मी शिक्षणाचा इतिहास अभ्यासते, म्हणून असेल, 'एकनिष्ठ' हा शब्द मला टोचला. पतिव्रतेची परीक्षा घ्यावी तशी ही सिनेमाची परीक्षा. वर्गात ती आली कुठून?

त्यासाठी १९३३ मध्ये जावं लागतं. बोलपटाला जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, मुलं दर आठवड्याला थिएटरात जात होती आणि मोठी माणसं घाबरलेली होती. पेन फंड नावाच्या एका निधीच्या पैशातून १९२९ ते १९३२ या काळात समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी सिनेमाचा मुलांवर काय परिणाम होतो, याचे एकामागून एक अभ्यास केले. ते १९३३ पासून पुस्तकरूपाने येऊ लागले. मूळ अभ्यास सावध भाषेत होते. पण त्यांचा सार सांगणारं हेन्री जेम्स फोरमन यांचं लोकप्रिय पुस्तक त्याच वर्षी आलं, त्यात सावधपणा फारसा नव्हता, आणि सिनेमाने मुलं बिघडवली हे वाक्य घरोघरी पोचलं. (मोबाइलबद्दल आपण काय बोलतो ते आठवा.)

या सगळ्या गदारोळात त्याच अभ्यासमालेत एक वेगळं पुस्तक होतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एडगर डेल यांनी ते हायस्कूलच्या मुलांसाठीच लिहिलं होतं. सिनेमाला जाऊ नका असं त्यात नव्हतं. बघायला शिका, असं होतं. कथानक, अभिनय, छायाचित्रण, आवाज, संगीत या एकेका गोष्टीकडे कसं बघायचं, हे त्यांनी मुलांना विश्वासात घेऊन सांगितलं. जवळपास त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरातले इंग्रजीचे शिक्षक विल्यम लेविन इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेसाठी एक प्रयोग चालवत होते. काही वर्गांशी चित्रपटाबद्दल नीट चर्चा करायची, काही वर्गांना नुसतं बघू द्यायचं, आणि मग दोघांच्या रसग्रहणात काय फरक पडतो ते पाहायचं. त्यांचा अहवाल १९३४ मध्ये छापला गेला. चर्चा केलेल्या मुलांची नजर सुधारते, असा त्यांचा कौल होता. या चळवळीला तेव्हा 'फोटोप्ले रसग्रहण' म्हणत.

आता यातली गंमत बघा. त्याच १९३४ च्या जुलैपासून हॉलिवुडची स्वतःची नियमावली कडकपणे लागू झाली. स्टुडिओंना प्रतिष्ठा हवी होती, आणि अभिजात कादंबऱ्यांइतकी स्वस्त प्रतिष्ठा दुसरी कुठे मिळणार? लेखक बहुधा मेलेला, हक्कांचा प्रश्न नाही, आणि पाद्र्यापासून मुख्याध्यापकापर्यंत कुणाची हरकत नाही. 'लिटल विमेन' १९३३ मध्ये येऊन चालला होता. १९३५ च्या सुरुवातीला 'डेव्हिड कॉपरफील्ड' आला, वर्षअखेरीस 'अ टेल ऑफ टू सिटीज', १९३६ मध्ये 'रोमिओ अँड ज्युलिएट'. विल हेज यांच्या निर्मात्यांच्या संघटनेने शाळांमधल्या या चळवळीला पाठबळ दिलं. शिक्षकांसाठी अभ्यासपुस्तिका निघू लागल्या. त्यांत स्टुडिओंनी पुरवलेली छायाचित्रं असत, चर्चेचे प्रश्न असत. शिक्षकाला वाटे, चला, या निमित्ताने पोरं डिकन्स वाचतील. स्टुडिओला वाटे, चला, या निमित्ताने पोरं तिकीट काढतील. दोघांचंही खरं होतं. हा सगळा नुसता जाहिरातीचा डाव होता, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते अर्धंच पटतं. लेविन यांच्यासारख्या माणसांना मुलांनी काहीतरी शिकावं असं खरंच वाटत होतं.

पण एक साधी अडचण होती, आणि मला ती पैशापेक्षाही महत्त्वाची वाटते. वर्गात सिनेमा नव्हता. मुलांनी तो शनिवारी थिएटरात एकदा पाहिलेला, आणि सोमवारी आठवणीतून बोलायचं. आठवणीत काय उरतं? कोण कुणाला काय म्हणालं, कोण मेलं, कपडे कसे होते, पुस्तकातला कुठला प्रसंग गाळला. म्हणजे तेच, जे आजही त्या दोन वर्तुळांत उतरतं. निर्मात्यांच्या संघटनेने १९३८ मध्ये एक संस्था काढली, तिच्यातर्फे शाळांना चित्रपटांचे कापलेले तुकडे सोळा मिलिमीटरच्या फितीवर मिळू लागले. पण हवं तिथे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघण्याची सोय वर्गात आली ती १९८० च्या दशकात, व्हीसीआरबरोबर. तोवर प्रश्नांचा साचा घट्ट झाला होता.

'डेव्हिड कॉपरफील्ड'चंच घ्या. जॉर्ज क्युकर यांच्या चित्रपटात डेव्हिडची ती भयंकर पहिली शाळा, सेलम हाउस, गाळली आहे. हे कुणीही मूल वर्तुळात लिहील, आणि ते बरोबरच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट गाळली आहे, आणि ती गाळली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कादंबरी सांगतोय मोठा झालेला डेव्हिड. लहान डेव्हिड आईच्या घरी बसलेला असतो, आणि ती आई फार दिवस राहणार नाही हे मोठ्या डेव्हिडला ठाऊक असतं. प्रत्येक वाक्यात दोन वयं एकदम असतात. पडद्यावर एकच वय दिसतं, कारण कॅमेऱ्यापुढे एकच मुलगा उभा आहे.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी सिनेमावरच्या १९२६ च्या निबंधात 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या मूकपटावर असाच काहीसा आक्षेप घेतला होता: कादंबरीत आपण अ‍ॅनाला आतून ओळखतो, पडद्यावर नुसती बाई दिसते. पुढे १९५७ मध्ये जॉर्ज ब्लूस्टोन यांनी सहा कादंबऱ्या आणि त्यांचे चित्रपट घेऊन एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि म्हटलं, की ही दोन माध्यमंच वेगळी आहेत, तेव्हा निष्ठेच्या काट्यावर तोलणं व्यर्थ आहे. विद्यापीठांत हे केव्हाच पचलं. शाळेच्या कागदावर अजून नाही.

हे सगळं मी कागदोपत्री वाचत होते, तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं. खरं समजलं ते आमच्या रविवारच्या मराठी शाळेत.

मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. सात मुलं, तेरा ते सोळा वयाची. मराठी बोलतात, देवनागरी मात्र अडखळत वाचतात. त्यांच्याबरोबर 'श्यामची आई' घ्यायचं ठरलं, तेव्हा एक पालक प्रेमाने म्हणाले, "अहो, कशाला? अत्र्यांचा सिनेमा दाखवा. सबटायटल्स आहेत." मला ते पटेना आणि नाकारताही येईना. पुस्तकाच्या जागी सिनेमा, ही १९३३ च्या शिक्षकांचीच भीती माझ्या पोटात होती. शिवाय अत्रे म्हणजे काही परके नव्हेत. लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेला, पुण्यात शाळा चालवलेला, 'नवयुग वाचनमाला' रचणारा माणूस. १९५३ मध्ये त्यांनी हा चित्रपट केला, आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. शिक्षकानेच केलेला सिनेमा शिक्षिकेने का टाळावा?

मग दोन्ही केलं. 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण मी मोठ्याने वाचलं, पुढच्या रविवारी सिनेमातला तोच प्रसंग दाखवला. तुम्हाला आठवत असेल: श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि मारते. वाचताना मुलं हसत होती. पडद्यावर वनमालाबाईंचा हात उठला आणि खोलीत एकदम शांतता झाली. ही मुलं कुठे वाढली आहेत ते लक्षात घ्या. आईबापांनी हात उगारला तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना बालवाडीपासून माहीत आहे. एक जण म्हणाला, "ही आई चांगली कशी?" त्या संध्याकाळी मला एका आईचा निरोप आला, की पुढच्या वेळी असे प्रसंग वगळावेत.

त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलं, की मग पुस्तकात तुम्ही हसलात का? मार तर तोच होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. एक पंधरा वर्षांची मुलगी, जी एरवी खिडकीबाहेर बघत असते, म्हणाली, "बुकमध्ये तो स्वतः सांगतोय ना. म्हणजे तो ओके आहे. आणि त्याला ती मिस होतेय." मग थोडं थांबून, "मूव्हीमध्ये त्याला अजून माहीत नाहीये."

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांची आई गेली त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पुस्तकात आश्रमातले मित्र रोज रात्री जमतात, मोठा श्याम त्यांना सांगतो, मध्येच त्याचा गळा दाटतो, मित्र थांबतात. प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. आम्ही लहानपणी ही पुस्तकाची चौकट भराभर ओलांडून गोष्टीत शिरायचो. मीही तेच करत आले होते. आई पडद्यावर आली की ती समोर असते, तिच्यावर रागावता येतं. पुस्तकात ती पहिल्या रात्रीपासूनच गेलेली आहे.

एवढं कळल्यावर वर्ग त्या दोन वर्तुळांतून आपसूक बाहेर पडला. तीच मुलगी तेव्हा तिच्या शाळेत 'टु किल अ मॉकिंगबर्ड' वाचत होती. १९६० ची कादंबरी, १९६२ चा सिनेमा. तिथेही मोठी झालेली स्काउट आपल्या लहानपणाबद्दल सांगते. सिनेमात तिचा मोठेपणीचा आवाज मधूनमधून ऐकू येतो, पण मुक्काम असतो ग्रेगरी पेक यांच्या अ‍ॅटिकसपाशी. खटल्याला कादंबरीपेक्षा बरीच जास्त जागा आहे. पहिली जुळणी पाहिल्यावर मुलांचे प्रसंग जास्त आणि अ‍ॅटिकसचे कमी झालेत, अशी तक्रार खुद्द पेक यांनीच केली होती. आणि अलेक्झांड्रा आत्या, जी स्काउटला फ्रॉक घालून बाईसारखं वाग म्हणून छळते, ती सिनेमात नाहीच. या मुलीने निबंधात लिहिलं, की आत्या गाळली म्हणजे फक्त एक पात्र कमी झालं असं नाही. मुलगी होण्याबद्दलची स्काउटची स्वतःची भांडणं गेली, आणि गोष्ट बापाची झाली. तिच्या शिक्षिकेने वर्तुळांच्या कागदाबरोबर हे वेगळं पान टाचू दिलं.

त्या आईच्या निरोपाला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. प्रसंग वगळणं मला जमणार नाही, आणि मुलं गप्प झाली ते चुकीचं होतं असंही मी म्हणू शकत नाही. पुढच्या महिन्यात २०२३ चा 'श्यामची आई' बघायचं ठरलंय, सुजय डहाके यांचा. त्यात लहान श्याम आहेच, शिवाय ओम भूतकर यांनी केलेले मोठे साने गुरुजीही आहेत. त्या आईंना मी त्या रविवारी वर्गात येऊन बसायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, बघते.