जात्यावरच्या एक लाख ओव्या कुणी जपल्या?

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण त्यासोबत एक गोष्ट गेली. दोघींनी समोरासमोर बसून खुंटा धरायचा, जात्यात मूठ-मूठ वैरण घालायची आणि ओवी म्हणायची, ती वेळच उरली नाही. ओवी कुठे लिहिलेली नव्हती. ती आईकडून, सासूकडून ऐकून पाठ झालेली.

पुण्यातल्या अभ्यासक हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ यांनी हे धन गोळा केलं. दोघंही ‘गरीब डोंगरी संघटने’चं काम करत होते. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायकांशी बोलताना ओव्या कानावर पडू लागल्या आणि 1980 च्या दशकात त्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. पुढे गावोगावचे कार्यकर्ते जोडले गेले. हजाराहून अधिक गावांतून 1,10,000 पेक्षा जास्त ओव्या जमल्या.

या कामाचं वेगळेपण नुसत्या आकड्यात नाही. लोकगीत म्हटलं की कवी ‘अज्ञात’ असतो, असं आपण धरून चालतो. इथे मात्र गाणारीची नोंद झाली: नाव, गाव, जात. त्यामुळे कोणती बाई काय म्हणते, हे कळतं. आणि ओवी म्हणजे फक्त माहेरची आठवण, असा समज असेल तर तो इथे मोडतो. सासुरवास, मुलीचा जन्म, भावाची माया, विठ्ठल हे सगळं आहेच. शिवाय वनवासातल्या सीतेची बाजू घेणाऱ्या ओव्या आहेत, बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही आहेत.

मग आवाजाचं काय?

कागदावर ओवी साधारण दोन ओळींची दिसते. गाताना तीच तुटते, लांबते, मध्ये ‘बाई’, ‘सांगते बाई तुला’ अशी पालुपदं येतात. हे लिहून पकडता येत नाही. 1990 च्या दशकात फ्रेंच संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं.

पॉइतवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. हा संग्रह पुढे ‘पारी’ म्हणजेच ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’कडे आला आणि मार्च 2017 पासून त्यांच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला. ‘पारी’चे लोक जुन्या गायिकांना शोधत पुन्हा त्या गावांत गेले. काही जणी भेटल्या, त्यांनी कॅमेऱ्यासमोर ओव्या म्हटल्या. काही तोवर गेल्या होत्या.

संग्रहातल्या बहुसंख्य ओव्यांचं मात्र ध्वनिमुद्रण झालेलंच नाही. त्यांचे शब्द आहेत, गळा नाही.